मोंब्रेझची मुकी घंटा

फ्रान्सच्या दक्षिणेकडे मोंब्रेझ नावाचं एक चिमुकलं खेडं आहे. तिथल्या चर्चच्या मनोऱ्यात घंटा आहे, पण तिला लोलक नाही. गावातल्या म्हाताऱ्या ओदेतबाई पाहुण्यांना मनोऱ्याखाली उभं करतात आणि त्याचं कारण सांगतात.

पूर्वी म्हणे द्राक्षं भरत आली की गावाला गारपिटीचा धसका असे. काळा ढग दिसला की घंटा वाजवायची. तिच्या नादानं ढग हटून ओढ्यापलीकडच्या लाव्हेर्न गावावर जाई, असा समज होता. तिथल्या मळ्यांचं काय, हे कुणी विचारत नसे. आपल्याच पोळीवर तूप ओढायची रीत काही एकाच देशात नसते.

घंटा वाजवण्याचा मान आनसेल्मचा. ढग पळवणारा म्हणून तो मिशीला पीळ देत फिरायचा. पण एका वसंतात त्याची एकुलती एक लेक क्लेमांस लाव्हेर्नला नांदायला गेली, आणि त्याच उन्हाळ्याच्या अखेरीस आभाळ भरून आलं. आनसेल्म दोर हातात धरून नुसताच उभा राहिला. सारा गाव मनोऱ्याखाली जमला. मेयर म्हणाला, "लेक तुझी आहे, आनसेल्म. घंटा गावाची आहे."

त्यानं घंटा वाजवली. मोंब्रेझमध्ये एक गार पडली नाही. पलीकडे मात्र लिंबाएवढ्या गारा कोसळल्या, आणि मळ्यातून घराकडे धावणारी क्लेमांस वाटेतच गेली, असं सांगतात.

बातमी आली तेव्हा इकडे लोक नाचत होते. सगळे ओशाळून आनसेल्मच्या दारी गेले. दरवर्षी त्या घंटेवर मंतरलेलं पाणी शिंपडणारे पाद्रीबुवाच आता त्याची समजूत घालू लागले, की घंटेनं कधी ढग हलतो का, हा सगळा वाऱ्याचा खेळ, तुझा काही दोष नाही.

"हलत नसेल," आनसेल्म म्हणाला. "पण वाजवताना गारा तिकडं जाव्यात, असंच माझ्या मनात होतं. तुमच्याही होतं."

त्यानं लोलक काढून ओढ्याच्या डोहात टाकला. नवा बसवा म्हणायची कुणाची छाती झाली नाही.

आजही आभाळ काळवंडलं की मोंब्रेझचे लोक अंगणात येऊन गुपचूप उभे राहतात. ढग लाव्हेर्नकडे सरकला की त्यांचा जीव भांड्यात पडतो. ओदेतबाई म्हणतात, आमच्यात बदललं ते एवढंच, की आता आवाज होत नाही.