दार्जिलिंगची उलटी गाडी

ऐक गं आगगाडीबाई, तुझी गोष्ट. साताऱ्याचे बापूसाहेब सहकुटुंब दार्जिलिंगला गेले. डोंगरातल्या छोट्या गाडीत सून हेमांगीने धीर करून विचारलं, "मामंजी, माझी राहिलेली दहावी पुन्हा करू?"

"लग्नानंतर परत शाळा? माणसानं मागे जायचं नसतं, सूनबाई!" बापूसाहेब गरजले.

तेवढ्यात गाडी थांबली आणि चक्क उलटी चालू लागली. बापूसाहेबांनी घट्ट दांडा धरला. "अगं, ही मागे का चाललीय?"

"चढ फार उभा आहे, मामंजी. मागे जाऊनच ती वरचा रूळ गाठते. मागे जायचं नसतं, हे तिला तुम्ही समजावता का?"

सासूबाई पदराआड हसल्या. बापूसाहेबांनी खिडकीतून पाहिलं. मघाचा रूळ खाली राहिला होता.

"जूनमध्ये शाळेत सोडायला मीच येतो," ते म्हणाले.

आगगाडीबाई, हेमांगीला पावलीस, तशी साऱ्या लेकीसुनांना पाव.