चावीवाल्याची झेंडी

“पण बाबा, ज्या रुळांवरून गाडीच येत नाही, त्यांच्या चाव्या ठोकायच्या कशाला?” मंदारने विचारलं.

 कोंडिबा भांगऱ्यांनी वाकून, रूळ पकडून ठेवणाऱ्या लोखंडी चावीवर हातोडी मारली, आवाजाला कान दिला आणि बोगद्यात शिरले.

घाटातली ही लाइन बंद पडून बावीस वर्षं झाली होती. कोंडिबा चावीवाले म्हणून निवृत्त झाले त्यालाही तेवढीच. तरी खांद्यावर हातोडी आणि कमरेला लाल झेंडी, ही सकाळची फेरी काही सुटली नव्हती. गाव हसायचं. मंदार टिपणीसही हसायचा, फक्त इंजिनिअर असल्यामुळे जरा बेताने.

लाइन आता पायी सहलींसाठी खुली होणार होती. वरिष्ठांनी मंदारला आठवडाभर कोंडिबांच्या मागे शिकायला पाठवलं होतं. त्याने सगळे बोगदे पाहिले. पूल मात्र कालपर्यंत ठेकेदाराच्या ताब्यात होता. ठेकेदाराने फोटो पाठवले, आणि ‘पूल चालण्यास सुरक्षित’ या वाक्याखाली मंदारने ऑफिसात बसून सही केली.

आज दहा वाजता शाळेची चाळीस मुलं या वाटेने येणार होती.

बोगद्यात छतातून पाणी ठिबकत होतं. आपल्याच पावलांचा आवाज मागून कुणी चालत यावं तसा घुमत होता. मंदारने दोनदा वळून पाहिलं.

“आणि ही झेंडी? ती कशाला?” काहीतरी बोलायचं म्हणून त्याने विचारलं.

“खोट दिसली तर हुबं ऱ्हायला.”

“कुणी?”

“ज्याला दिसंल त्यानं.”

बोगदा संपला आणि पायाखालची जमीनही संपली. समोर पूल, खाली खडकांतून फेसाळत जाणारी नदी. पलीकडच्या तीरावर मांडव, लाउडस्पीकर आणि पांढऱ्या गाड्या. उद्घाटनासाठी साहेब लोक येऊन बसले होते.

कोंडिबांनी हातोडी मंदारच्या हातात दिली.

“आज तुमी ठोका.”

मंदार ठेकेदाराने टाकलेल्या नव्या फळ्यांवर ठोकत निघाला. ठक... ठक... ठक... त्याला हायसं वाटू लागलं.

पुलाच्या मध्यावर आवाज बदलला.

भस्स.

त्याने पुन्हा मारलं. पुन्हा तेच. त्याने बसून फळी हलवली, तर खिळा बोटांनीच वर आला. फळी नवी होती. तिला पेलणारा खालचा लाकडी स्लीपर कुजून भुसा झाला होता. फटीतून सरळ नदी दिसत होती.

त्याने पुढच्या फळीवर ठोकलं. भस्स. त्याच्या पुढच्या...

 मंदारने हातोडी खाली ठेवली.

“बाबा... तुम्हाला हे ठाऊक होतं?”

कोंडिबांनी हातोडी उचलून पुन्हा खांद्यावर घेतली.

“आठ-दहाच फळ्या असतील,” मंदार घाईने म्हणाला. “मुलांना कडेकडेने नेऊ. आजचा दिवस निभावला की उद्या मी स्वतः बदलून घेतो. आत्ता थांबवलं तर... सही माझी आहे, बाबा. सगळ्यांसमोर माझी नोकरी जाईल.”

कोंडिबांनी बंडीतून तंबाखू काढली. मळली. तोंडात मात्र टाकली नाही.

“तुम्ही थांबवा ना,” मंदार अगदी काकुळतीला आला. “तुम्ही जुनं माणूस. तुमचं ऐकतील. तुम्हाला दिसलं म्हणून सांगा.”

“मला काय दिसतंय, सायेब? दोनी डोळ्यांत मोतीबिंदू.”

मंदारने मोबाइल काढला. दरीत रेंज नव्हती. त्याने पलीकडच्या मांडवाकडे पाहिलं. कुणीतरी हात हलवून त्याला ‘या, या’ म्हणत होतं.

...

तेवढ्यात मागे बोगद्यात शिट्टी वाजली. पीटीच्या सरांची. पाठोपाठ मुलांचा गलका आला. अंधारात ओरडलं की आवाज घुमतो, म्हणून सगळीच ओरडत होती. आवाज वाढत चालला.

कोंडिबांनी कमरेची झेंडी सोडली आणि मंदारच्या हातात दिली.

“घ्या. आली गाडी.”