गुरुजी म्हैस पाहून आले

विषय : दरबारच्या कविमंडळात नाव नोंदवून मिळण्याबाबत एका तरुणाचा अर्ज.
संदर्भ : सदर अर्जावर अर्जदाराच्या गुरूंचा अभिप्राय.

उपरोक्त प्रकरणाची हकीकत अशी. एकदा एका राज्यात कवी कोणास म्हणावे याचा नियम झाला. त्यापूर्वी जो तो आपापल्या जबाबदारीवर कवी होत असे आणि लोक ते सोसत असत. नियमानंतर अर्ज करावा लागे आणि त्यावर गुरूचा अभिप्राय व मुद्रा लागे. नाव नोंदले गेले की त्या माणसाची कविता चालू असताना लोकांना मधूनच उठून जाता येत नसे.

तेलाचा घाणा असलेल्या घरातला एक तरुण यासाठी घर सोडून एका वृद्ध आचार्यांकडे राहिला होता. वडिलांनी निघतानाच बजावले होते, "नोंद झाली तर तू कवी, मी आडवा येणार नाही. नाही झाली तर मुकाट्याने घाण्यावर यायचं." अर्ज अभिप्रायासाठी आचार्यांकडे येऊन पडला होता आणि आज सूर्यास्ताला कचेरीचा जासूद तो न्यायला येणार होता. तरुणाला सकाळपासून एका जागी बसवत नव्हते.

आचार्यांची रीतच विचित्र होती. कविता ऐकून झाली की बरेवाईट काही न बोलता ते काठी घेऊन उठत, कविता ज्या वस्तूवर असेल ती जाऊन पाहत आणि परत येऊन बसत. विहिरीवरची कविता झाली तेव्हा विहिरीत डोकावून आले आणि म्हणाले, "विहीर आहे." पिंपळावरची झाली. "पिंपळही आहे." चंद्रावरची कविता भर दुपारी वाचली गेल्याने त्यांना तिन्हीसांजेपर्यंत अंगणात ताटकळावे लागले, पण तेही ते ताटकळले.

शेवटचा उपाय म्हणून तरुणाने आश्रमातल्या म्हशीवर कविता केली. तीत म्हशीला धरित्रीची श्यामल दुहिता म्हटले होते आणि तिच्या रवंथाला तपश्चर्या. वाचून होताच आचार्य उठले आणि गोठ्याकडे गेले.

तेवढ्यात गावातले एक तुपाचे व्यापारी शेठ आले. त्यांनीही अर्ज केला होता.

"काय, झाली का मुद्रा?"

"नाही शेठ. गुरुजी म्हैस पाहायला गेलेत."

"आजारी आहे?"

"नाही. मी तिच्यावर कविता केली."

"मग आजारी पडायच्या आत पोचले म्हणायचे." शेठ ऐसपैस बसले. "आमच्या गुरुजींनी तर कविता ऐकलीसुद्धा नाही. म्हणाले, शेठ, तुमच्यावर विश्वास आहे. मुद्रा उमटवली आणि तुपाचा डबा आत नेला."

शेठ निघून गेले. तरुण दारापासून आसनापर्यंत येरझारा घालत राहिला. अखेरीस आचार्य आले.

"काय पाहिलंत, गुरुजी?"

"म्हैस आहे."

तरुणाचा धीर सुटला. "गुरुजी, माझं वृत्त चुकत नाही. शब्द पारखून घेतलेले असतात. उन्हं उतरली. मी कवी नसेन तर तसं लिहून द्या, मी घाण्यावर जातो. पण तुमचं हे उठून जाणं आता सोसवत नाही."

आचार्य शांतपणे म्हणाले, "तू वाचलंस की मला वाटतं, आता म्हैस निराळी दिसेल. म्हणून जातो. ती कालच्यासारखीच दिसते. पण त्याचं मला दुःख नाही. मी दर वेळी उठलो आणि तू दर वेळी इथेच बसलास, माझं तोंड काय सांगतं याची वाट पाहत. आपल्या शब्दांनी त्या वस्तूचं काय झालं, हे जाऊन पाहावंसं तुला एकदाही वाटलं नाही. कवी कोणीही होईल. घाण्यावरचा होईल, तूप विकणारा होईल, अडवणारा मी कोण? फक्त त्याला पाहून आल्यावाचून राहवू नये. राहिली मुद्रा. ती कोनाड्यात आहे, शेजारी तुझा अर्ज आहे. उमटवून घे. कचेरीला म्हैस दाखवावी लागत नाही."

तरुणाने मुद्रा उचलली. दाराशी जासुदाचा घोडा येऊन थांबला होता. मुद्रा परत कोनाड्यात ठेवून तरुण गोठ्याकडे गेला.

म्हैस रवंथ करीत होती. तपश्चर्या वगैरे काही दिसेना. तिच्या पाठीवरची एक माशी उडे आणि पुन्हा तिथेच बसे. दर वेळी म्हशीची तेवढीच कातडी थरथरे आणि बाकीची म्हैस स्वस्थ असे. याला काय म्हणावे ते तरुणाला सुचेना. तो पाहत राहिला. आचार्यांनी अर्ज होता तसा जासुदाच्या हाती दिला.

तरुण घाण्यावर परतला. काम चालू असताना तो मधूनच उठतो, बैलासमोर जाऊन उभा राहतो आणि चरफडत परत येतो. एकदा वडिलांनी विचारले, "कविता करतोस की काय?"

"एक ओळ आहे, बाबा. बैलाला लागू पडत नाही."

"बैलाची काही हरकत आहे का?"

"बैलाची नाही, माझी आहे."

शेठजींची नोंद झाली. तरुणाच्या अर्जावर अभिप्रायाचा रकाना कोरा असल्याने तो मंजूर करता येत नाही आणि कोरा अभिप्राय प्रतिकूल धरावा असाही नियम नाही. सबब अर्ज प्रलंबित आहे.