रांजणाच्या काठावरची दहा बोटे

या, सावलीत या, पण रांजणाला टेकू नका. आमच्या वेळूखेडच्या कुंभारवाड्यात दर चैत्रात वाटसरूंसाठी नवा रांजण बसतो, आणि दरवेळी त्याच्या काठावर दहा बोटे उमटवलेली असतात. शहाणी माणसे त्याला नक्षी म्हणतात. कसली नक्षी! एका आईने हात आवरले, त्याची ती खूण आहे.

असे सांगतात की इथे येसू नावाची कुंभारीण होती. तिची दोन लेकरे मातीत गेली. तिसरी चिमा झाली तेव्हा तिने शपथ घेतली, हिला माती लागू देणार नाही. कुंभाराच्या घरात! पोर सदा कडेवर, नाहीतर गोधडीवर. वर्ष उलटले. चिमा देवीसारखी बसायची, पण जागची हलायची नाही. "पांगळी आहे," गाव कुजबुजू लागले. येसूला अन्न गोड लागेना.

एका सकाळी ओल्या रांजणाचे काम चालले होते. सासू राहीआई थापटण्याने बाहेरून ठोकत होती आणि येसूने दोन्ही हातांनी काठ सावरून धरला होता. तेवढ्यात चिमा गोधडीवरून कलंडली, ती थेट अंगणात. रडू लागली.

"हात सोडलास तर ओला रांजण खचेल," राहीआई म्हणाली.

"आत्याबाई, मातीत पडली हो ती!"

"पडली नाही, पोचली. तिला तिचे दोन हात आहेत. तू नुसती हाक मार."

येसूने हाक मारली. चिमाने तळवे टेकले, पोट उचलले, डुलली, आणि सरकली ती मागे!

"हिचं गाडं उलटं जुंपलंय गं," म्हातारी हसली म्हणे, पण थापटणे तिच्याही हातात थांबले होते.

येसू हाका मारत राहिली. मग एक गुडघा पुढे आला. मग दुसरा. येसूची बोटे ओल्या काठात रुतत गेली, पण सुटली नाहीत. चिमाचा मातीचा तळवा आईच्या पावलावर पडला, तेव्हा राहीआईने काठ आपल्या हातात घेतला. "जा आता, घे तिला."

म्हातारीला तो आधीही धरता आला असता. धरला नाही, हेच तिचे शहाणपण.

आजही बसते मूल पुढे सरकेना की आया त्याला या अंगणात सोडतात आणि त्या दहा खाचांत बोटे घालून उभ्या राहतात. हाक मारावी, हसावे, रडावेसुद्धा, पण बोटे काढायची नाहीत. मीही उभी राहिले होते. माझा लेक अर्धी सकाळ मागे मागेच गेला, गाढव! मग पावलाला त्याचा तळवा लागला, आणि कितीतरी दिवस कोंडलेला श्वास सुटला.

घ्या, पाणी प्या. गार आहे.