कुरतडलेल्या माश्या

"मग आधी कोणती लावू, बाबा?"

त्रिविक्रम दामल्यांनी डबी उघडून पुढे धरली. आत पिसं, दोरा आणि लोकर गळावर गुंडाळून केलेल्या खोट्या माश्या होत्या. तरंगणाऱ्या एका बाजूला, बुडणाऱ्या दुसऱ्या बाजूला. सगळ्या कोऱ्या.

नूरशहा फकीर डोंगरातल्या त्या ओढ्याकाठी राहायचा. असल्या माश्यांनी ट्राउट मासे धरायचा आणि परत सोडून द्यायचा. त्याच्याकडे येणारे एवढंच शिकायला येत.

दामल्यांनी उभी हयात धरणं बांधली होती. पाणी आपल्याला नवं नाही, असं त्यांनी आल्याआल्याच सांगितलं होतं. गळ कधी हातात धरला नव्हता. पण हिवाळाभर पुस्तकं वाचून माश्या निवडल्या होत्या. कुठला किडा कोणत्या महिन्यात पाण्यावर येतो, हे ते आता फकिरालाच समजावून सांगू लागले.

फकिरानं सगळं ऐकून घेतलं.

"डबी होशंगची ना?"

"हो."

होशंग त्यांचा कॉलेजपासूनचा मित्र. दर उन्हाळ्यात इथे यायचा आणि दर उन्हाळ्यात दामल्यांना चल म्हणायचा. हातातलं काम संपू दे, पुढच्या वर्षी नक्की, असं दामले म्हणायचे. मागच्या पावसाळ्यात होशंग गेला. त्याच्या बहिणीनं त्याची गळाची काठी आणि ही डबी दामल्यांकडे पाठवली.

"त्याच्या माश्या कुठायत?"

"विटल्या होत्या. माशांनी कुरतडलेल्या. पिसंसुद्धा धड नव्हती..." दामल्यांचा आवाज उतरला. "टाकून दिल्या."

धुकं पाण्यावरून उठून देवदारांत शिरत होतं...

मग फकिरानं डबीतली सगळ्यात देखणी माशी उचलली. नखानं तिची पिसं उसकटली. दोरा सैल केला. ओल्या दगडावर ती घासली.

दामल्यांना राग आला. तो कधी ओसरला, ते त्यांनाही कळलं नाही.

फकिरानं ती केविलवाणी माशी दोरीला बांधली, काठी त्यांच्या हातात दिली आणि पाण्यात उतरायला सांगितलं. टाकायची कशी, असं त्यांनी विचारलं. त्यानं एका खडकामागचं संथ पाणी नुसतं बोटानं दाखवलं.

माशी भलतीकडेच पडत होती. पाय बधिर झाले. ऊन पाण्यावर सांडलं, विरघळलं, पुन्हा सांडलं. हळूहळू दामल्यांना महिने आठवेनात, किड्यांची नावं आठवेनात. ओढा आपल्या बाजूनं वाहतोय की आपल्यातून, हेही नीटसं कळेना...

तेवढ्यात हिसका बसला. थेट खांद्यापर्यंत.

फकीर पाण्यात आला. त्यानं माशाच्या ओठातला गळ अलगद सोडवला आणि मासा दामल्यांच्या ओल्या ओंजळीत दिला, तोंड प्रवाहाकडे करून.

दामल्यांनी बोटं उघडली.

मासा गेला नाही. ओंजळीतच कल्ले हलवत राहिला. अंगावर तांबडे ठिपके, बोटांना लागणारी बारीक धडधड. दामल्यांचे डोळे भरून आले. पुसायला हात मोकळा नव्हता.

"बाबा... सोडलं तरी जात नाही."

फकीर काठाकडे वळला होता.

"हात पाण्यातच असू दे."