डिझेल तोडल्यावरही

“डिझेल तोडलं हुतं, बाबा. मग ते चाललं कशावर?”

बाबांनी मान वर केली नाही. पुढ्यात सूप घेऊन ते तांदूळ निवडत बसले होते.

“मी तुमास्नी इचारतोय.”

“ऐकलं.”

एक खडा त्यांनी बाजूला टाकला. मग दुसरा…

विचारणारा केरबा मिस्त्री. घाटाखालच्या गावांत कुणाचं इंजिन बसलं की माणसं आधी केरबाचं नाव घेत आणि मग देवाचं. हे केरबालाही ठाऊक होतं, आणि ठाऊक असल्याचं त्याच्या चालण्यातून दिसायचं.

आणि ज्यांना विचारलं ते लालशाबाबा. चिंचेखालच्या तकियात राहणारे फकीर. फकिरी घेण्याआधी उभा जन्म नदीवरच्या उपसापंपांच्या इंजिनांत काढलेला. कोपरापर्यंत भाजल्याचे डाग होते, ते कफनीच्या बाहीतून अजून डोकावायचे. तकियात वीज नव्हती. दर गुरुवारी भाविक जमत, तेव्हा बाबा पत्र्याच्या खोपटातला जुना जनरेटर चालू करत आणि दिवे लागत.

केरबा त्यांचाच चेला. बारा वर्षं त्यानं त्या खोपटात काढली होती. बाबांची एक रीत होती. आपण होऊन ते काही सांगत नसत. चेल्यानं विचारलं तर नटबोल्टापासून सगळं उलगडून दाखवत; नाही विचारलं तर नाही. न विचारता दिलेलं माणूस खाली ठेवून विसरून जातो, असं ते म्हणायचे.

केरबानं पुष्कळ विचारलं, पुष्कळ शिकला. मग एक दिवस त्याला वाटलं, आता विचारण्यासारखं काही उरलं नाही. तो उठला, एसटी स्टँडाशेजारी स्वतःचं गॅरेज घातलं, धाकट्या भावाला हाताशी घेतलं. चहाच्या टपरीवर बसून म्हणाला, म्हातारं आणि म्हाताऱ्याचं इंजिन, दोन्ही आता भंगारात घालायचं.

हे बोलणं आठवड्याच्या आत तकियात पोचलं. बाबा हसले म्हणतात.

धाकटा भाऊ दौलू. त्याचा हात केरबाइतका तयार नव्हता, पण जीभ भारी. प्रत्येक इंजिनाला तो मामंजी म्हणायचा. चालू झालं नाही की म्हणायचा, मामंजी रुसलं, त्यांना टोपी-टॉवेल करायला पाहिजे. गिऱ्हाईक हसायचं. केरबा मात्र त्याला दटावायचा, मिस्त्रीनं वजनानं राहावं म्हणून.

त्या दिवशी मंगल कार्यालयात लग्न होतं. भर दुपारी वीज गेली आणि तिथला मोठा जनरेटर सुरू करायला दौलू एकटाच गेला. महिनाभर ते इंजिन निळा धूर टाकत होतं. केरबानं तो पाहिला होता. लग्नसराई सरू दे, मग उघडू, असं म्हणाला होता.

अक्षता पडल्या, जेवणावळी उठल्या, वीज आली. दौलूनं चावी फिरवली. इंजिन बंद होईना. उलट त्याचा आवाज चढत गेला. त्यानं केरबाला फोन लावला.

फोनवर त्या आवाजाखाली दौलूचं बोलणं पुरतं ऐकूही येत नव्हतं. चावी बंद केली, बंद करायचा दांडा ओढला, तरी पळतंय, एवढं कळलं. केरबा म्हणाला, डिझेलची नळी तोड. दौलूनं तोडली. इंजिन आणखी पळालं.

“दादा, हे थांबंना. मी भाईर जाऊ का?”

केरबानं सांगितलं ते हे. “नळीत उरलंय तेवढं जळंल. तिथंच उभा ऱ्हा. मिस्त्री पळाला म्हणतील.”

दौलू तिथंच उभा राहिला.

इंजिनाचं चाक फुटलं. एक तुकडा जनरेटरच्या खोलीच्या पत्र्याच्या भिंतीतून बाहेर पडला. त्याच्या आधी तो दौलूतून गेला होता.

या गोष्टीला चाळीस दिवस झाले होते.

चाळीस दिवस केरबानं दुसरं कुठलं काम हातात घेतलं नाही. फुटलेलं इंजिन गॅरेजात आणून त्यानं फरशीवर उघडलं. पंप पाहिला. पंप चांगला. नळी पाहिली. नळी तुटलेली, दौलूच्या हातची, सरळ कापलेली. म्हणजे पोरानं सांगितलं तसंच केलं होतं. सगळं पुसून मांडायचं, जुळवायचं, पुन्हा उघडायचं. जेवण पुढ्यात वाळून जाई. गॅरेजचं दार लावून घेतलं तरी टकटक आतून ऐकू येई.

आज सकाळी त्यानं गॅरेजच्या किल्ल्या दौलूच्या बायकोच्या, हौसाच्या हातात दिल्या. तिनं विचारलं, भावजी, कधी येताय माघारी? तो पायरी उतरून चालू लागला. बाबांना एक गोष्ट विचारायची आणि तिथून घाटाच्या कड्यावर जायचं, असं त्याच्या मनानं घेतलं होतं. माघारी यायचं त्यात नव्हतं.

म्हणून तो आला होता. म्हणून एवढ्या घाईनं विचारत होता.

बाबांनी सूप बाजूला ठेवलं.

“चेंबरात तेल किती घावलं?”

“थेंब न्हवता.”

“सांडलं हुतं?”

“न्हाई. खाली कोरडं हुतं.”

“मग गेलं कुठं?”



चाळीस दिवस केरबा नळी बघत होता, पंप बघत होता. इंजिनाच्या तळाचं, तेल साठायचं ते कोरडं चेंबर त्यानं पहिल्याच दिवशी पुसून ठेवलं होतं. तेल नाही म्हणून चाक फुटलं, असं त्यानं मनाशी लावलं होतं. तेल गेलं कुठं, हे त्यानं कुणालाच विचारलं नव्हतं. स्वतःलाही.

आता चिंचेखाली बसल्या बसल्या त्याला ते दिसलं. आतली झिजलेली जागा दिसली. तिथून तेल वर चढलं, हवेबरोबर आत ओढलं गेलं. निळा धूर तोच. बाहेरून डिझेल मिळेना, तेव्हा इंजिन आपल्याच अंगातलं तेल पीत पळत राहिलं.

“सोताचंच तेल प्यालं,” तो म्हणाला.

बाबांनी मान डोलावली.

“मग ते थांबवायचं कशानं? नळी तोडून काय हुणार? चावी बंद करून काय हुणार?” त्याचा आवाज फाटला. “ते थांबतच न्हाई, बाबा. त्याला काय उपायच न्हाई.”

“हाय.”

बाबा उठले. गुडघे धरत खोपटाकडे गेले. केरबा मागोमाग गेला.

आत जुना जनरेटर होता तिथंच होता. त्याच्या शेजारी जमिनीवर एक फळी. फळीवर चौपदरी गोणपाट खिळ्यांनी ठोकलेलं. बाबांनी घागर कलती करून ते भिजवलं, जसं ते दर गुरुवारी भिजवत आले होते. मग फळी उचलून इंजिन जिथून हवा घेतं, त्या तोंडावर गच्च दाबून धरली.

इंजिन बंदच होतं. तरी केरबाला दिसलं. श्वास कोंडला की थांबतं. पाच-सात गिरक्या आणि गप.

एवढंच होतं.

त्या गोणपाटाला केरबानं बारा वर्षं पाय पुसले होते. येताना-जाताना सगळेच चेले पुसायचे. चिखलाच्या दिवसांत बाबा ते कशाला भिजवतात, याचं त्यांना हसू यायचं. कुणीतरी म्हणायचं, फकिराचा काहीतरी नेम असेल. स्वतःचं गॅरेज घातलं तेव्हा केरबानं बाबांच्या खोपटासारखंच सगळं मांडलं होतं, पान्ह्यांच्या खुंट्यासुद्धा त्याच क्रमानं. फक्त ही फळी घेतली नव्हती. पाय पुसायला त्यानं बाजारातून छान काथ्याचं पायपुसणं आणलं होतं.

“बारा वर्सं,” केरबा म्हणाला. “बारा वर्सं ही हितं हुती.”

“हुती.”

“मला सांगितलं का न्हाई?”

“तू इचारलं न्हाईस.”

केरबानं भिंतीला टेकवलेला, इंजिन फिरवायचा हँडल उचलला. लोखंडी, हातभर लांब. तो त्याच्या हातात आला कसा, हे त्यालाही कळलं नसावं. मी विचारलं नाही म्हणून माझा भाऊ गेला का, असं काहीतरी तो बोलत होता. शब्द एकावर एक पडत होते. दौलू बाहेर जाऊ का म्हणाला होता, मी नको म्हणालो, तुम्ही मला सांगितलं असतं तर मी त्याला सांगितलं असतं, एक भिजकं पोतं, बाबा, एका भिजक्या पोत्यापायी…

बाबा हलले नाहीत. फळी तशीच धरून उभे होते. पाणी मनगटावरून ओघळून कफनीत जात होतं.

“टपरीवर तू बोललास ते कळलं मला,” ते म्हणाले. “त्या दिवशी मनात आलं, जावं आन् फळी दावून यावं. उठलो बी हुतो.”

“मग?”

“राग आला हुता. बसलो परत.”

हँडल केरबाच्या हातातून खाली आला. कुणावर उगारावा असा माणूसच समोर उरला नव्हता. भिजकी फळी धरलेला एक म्हातारा होता.

केरबा मातीतच बसला. बाहेर चिंचेवर होले घुमत होते.

मग त्यानं हळूच विचारलं. शिकायच्या पहिल्या वर्षी विचारायचा तसं.

“चाळीस दिवस झालं, बाबा. गॅरेज बंद केलं. जेवण सोडलं. माणसं सोडली. तरी ही मस्तकातली घरघर थांबंना. ती कशानं थांबवू?”

बाबांनी फळी खाली ठेवली. त्याच्यासमोर उकिडवे बसले. आणि आपला ओला तळहात केरबाच्या नाकातोंडावर दाबला.

केरबानं डोळे मिटले.

बाबा वाट पाहत होते. अंग झटकेल, हात ओढून काढेल, माणसाचं शरीर श्वासासाठी भांडतंच. केरबाचे दोन्ही हात वर आले. त्यानं बाबांचं मनगट घट्ट पकडलं…

आणि तो हात त्यानं आणखी आत दाबून धरला.

बाबांनी हात ओढला. सुटेना. केरबाच्या बोटांत इतक्या वर्षांचे पान्हे होते. बाबांनी दुसऱ्या हातानं त्याच्या छातीला रेटा दिला, इंजिनाच्या पायाला टाच अडकवली, सगळं म्हातारं अंग मागं टाकलं, आणि दोघंही वेगवेगळ्या बाजूंना कोसळले.

खोपटात दोन माणसांच्या धापा ऐकू येत होत्या.

केरबा आधी उठला. अंगावरची माती त्यानं झटकली नाही. बाबांकडे न बघता दाराशी गेला. समोर वाट होती. डावीकडे गावाला जाणारी, उजवीकडे घाटाच्या कड्याकडे चढणारी. तो उंबऱ्यावर उभा राहिला.

मागं बाबा अजून जमिनीवरच होते. एका हातानं दुसऱ्या हाताचं मनगट चोळत होते. आजवर त्यांनी कुठल्याही चेल्याला, परत ये, असं म्हटलेलं नव्हतं.

“केरबा…”

त्यानं मान वळवली.

“उद्याच्याला ये. तुझी घरघर थांबवाया आज मला जमलं न्हाई.”