लाकडी दाईची हाक

डोंगरापलीकडच्या एका राज्यातली ही फार जुनी गोष्ट. तिथल्या सुताराच्या मुलीला पहिल्यांदा खटकलं ते एवढंच, की लाकडी दाई रिकामा पाळणा हलवत होती.

ही दाई तिच्या वडिलांनीच घडवलेली. आया शेतावर गेल्या की ती त्यांच्या बाळांना झोके द्यायची. पण नुसत्या झोक्यांनी बाळं निजेनात. मग सुतार महिनाभर गोठ्यात जाऊन बसला. वासरू दिसताच गाय कशी पान्हावते, ते दूर नेलं की कशी हंबरते, हे त्याने पाहिलं आणि तसंच काळीज दाईच्या छातीत बसवलं. बाळं शांत निजू लागली. राजाने सुताराला शेला दिला.

रीत अशी, की मूल चालू लागलं की दाई पुढच्या घरी जायची. त्या वर्षी मात्र गावात नवा पाळणा बांधलाच गेला नाही. दाई सुताराच्या पडवीत परतली आणि रिकामा पाळणा हलवत हाका मारू लागली, "बाळा! ए बाळा!"

येणाऱ्याजाणाऱ्या बायका हसायच्या. "अगं, तुझं बाळ आता शेळीमागे धावतंय!"

मुलगी पान हललं तरी दचकणारी. तरी धीर करून म्हणाली, "बाबा, तिला दुखतंय हो."

"लाकूड ते! त्याला काय दुखणार?"

"मग काळीज कशाला बसवलंत? गाईचं वासरू दगावलं तर आपण त्याच्या कातड्यात पेंढा भरून तिच्यापुढे ठेवतो. तेवढं तरी तिला चाटायला मिळतं. हिच्यापुढे काय ठेवलंत?"

हे सुताराला सुचलंच नव्हतं.

हाकांनी गाव वैतागलं. लोकांनी दाईला खळ्यावरच्या खोपटात कोंडलं. सात दिवस हाक येत राहिली, रोज थोडी बारीक होत.

आठव्या दिवशी मुलीला राहवेना. दाईने सगळ्यात शेवटी जोजवलेल्या चिमुरडीला तिने कडेवर घेतलं आणि भीतभीतच खोपटाची कडी काढली.

दाई कोपऱ्यात उभी होती. हवेतच झोके देऊन देऊन तिचे दोन्ही हात खांद्यातून निखळून खाली पडले होते.

"बाळा..." ती पुटपुटली.

चिमुरडी कडेवरून उतरली, दाईपुढे गेली आणि हात वर करून म्हणाली, "ओ! घे ना."

तात्पर्य: ज्याला माया करायला शिकवाल, त्याच्या हाकेला वेळेवर ओ द्या.